पिठीचं झबलं

॥ श्री ॥

सणसवाडी, ता. शिरूर
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप गं. भा. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे उभे आहेत, एवढंच क्षेम. या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत ते कळव.

पोस्टमन परवा गिरणीत दळण टाकायला आला होता. या भागात हातानं लिहिलेलं पाकीट आता तुमच्याच घरी येतं, बाकी सगळी बँकांची आणि वकिलांची, असं म्हणून हसला. बहिणीला ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही, एवढंच मी त्याला सांगितलं. तुझ्या घरातला मोबाइल तुझ्या पुतण्याच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या, विश्वजीतच्या हातात असतो आणि काही गोष्टी त्यावरून जायला नकोत, हे सांगितलं नाही.

हर्षदा बोलते का, असं तू विचारलंस. नाही बोलत. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं आणि दिवाळीच्या तोंडावर दौंडच्या दवाखान्यातून मी तिला इकडे घेऊन आलो, तेव्हा होती तशीच आहे. सविता ताट पुढं सरकवते, ती दोन घास खाते आणि ताट परत सरकवते. विश्वजीतचा तिला फोन नाही, तिचा त्याला नाही. तिच्या जवळ जाते ती फक्त पिठी. गिरणीतली मांजर गं. मागं तू आली होतीस तेव्हा पिठाच्या डब्यात पडून पांढरीफटक झाली होती आणि तू तिला भूत म्हणालीस, तीच. उंदरांसाठी ठेवलेली मांजर माझ्या लेकीच्या मांडीवर दिवस काढते, आणि लेक तिच्या पाठीवर हात ठेवून बसते. आम्ही नवराबायको दाराआडून बघतो आणि तेवढ्यावर आमचा दिवस जातो.

पिठी गिरणीमागच्या रिकाम्या पोत्यांत व्याली होती. हर्षदा रोज तिथं जाऊन बसायची. मागच्या आठवड्यात बोक्यानं सगळी पिल्लं मारली. पिठी घरभर ओरडत फिरली. पलंगाखाली, कणगीमागं, देव्हाऱ्याखाली. पिल्लं गेलेली मांजर कशी ओरडते ते तुझे कान चांगले होते तेव्हा तू ऐकलं असशील. हर्षदा उशी कानांवर दाबून पडली होती. मग उठली, पिल्लं पाटीत घेतली, वर फडकं टाकलं, पुरून येते म्हणाली.

ती गेली ती कोरेगावच्या पुलावर. भीमेच्या कठड्याला टेकून उभी होती. एका रिक्षावाल्यानं गिरणीवाल्यांची मुलगी म्हणून ओळखलं आणि घरी आणून सोडलं. पाटी रिकामी होती. किती वेळ उभी होती, हे मी त्याला विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

अक्का, पिठी परत व्याली आणि परत तसंच झालं, तर माझी पोर राहत नाही. हे मी सविताला बोललेलो नाही, तुलाच लिहितो. मांजरीचं ऑपरेशन करतात म्हणे, पिल्लंच होऊ नयेत असं. गिरणीत येणाऱ्या एका कंपनीतल्या बाईनं सांगितलं. पण कापाकापीत मेली तर? मांजर हातून मेल्याचं पाप कुठं फेडायचं, आणि हर्षदाला काय तोंड दाखवायचं? आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. तू सांगशील तसं करीन.

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझा धाकटा,
माऊली


कुरकुंभ, ता. दौंड
१७ जानेवारी २०२५

चि. माऊली यास,
अ. उ. आ.

गुडघ्यांचं काय ईचारतोस. हायत तिथंच हायत, मीच हालत न्हाई.

तुझं पत्र मी गोठ्यात म्हशीच्या आडोशाला बसून वाचलं. पुलाचं वाचलं आन् चष्मा काढून ठेवला. म्हस माझ्याकडं बघत व्हती. परत चष्मा घातला तवा पण तेच लिहिलेलं व्हतं.

मांजरीचं म्हणशील तर मला पटत न्हाई. देवानं दिलेली कूस आपण कोण मिटवणार? आन् तुझ्या हातनं मेली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागती, तुझ्या गिरणीत तर नुसता कोंडा. बोका हाकल. पिल्लं व्हतील ती घरात घे. एवढं सोपं हाय.

आता इथलं ऐक. ऐक म्हणते, पर मलाच ऐकू येत न्हाई. ओठ वाचते. माझ्या जावेचे, भामाबाईचे, तर ओठ पण वाचायला नकोत, तिचे हातवारेच पुरे. काल भाकरी थापता थापता म्हणाली, पाडव्याला सुनेला धाडा म्हणावं तुझ्या भावाला, आन् यंदाच्या सालात पाळणा हालला पायजे, न्हाईतर माझ्या विश्वजीतला पोरी कमी न्हाईत. दौंडच्या डॉक्टरणीनं दोन वरसं थांबा म्हणून सांगितलंय, न्हाईतर पोरीच्या जिवाला धोका हाय, हे मी तिला म्हणाले. तर म्हणाली, डॉक्टर तसंच सांगत्यात, आपण थांबलो व्हतो का? तिच्या चुलीवरचं खाते माऊली, जपून बोलावं लागतंय.

पोरगं वाईट न्हाई. औषधाच्या कंपनीतनं येतं, अंगाला तोच वास, जेवतं आन् लिंबाखाली बसून फोनकडं बघत राहतं. लावत न्हाई. मी खुणेनं ईचारलं, का लावत न्हाईस? तर म्हणालं, काय बोलू? तेवढे दोन शब्द मी ओठावरनं वाचले.

आणखी एक. सातव्याला मी माझ्या हिरव्या काठाच्या मऊ लुगड्याचं झबलं शिवून तुमच्याकडं धाडलं व्हतं. भामाबाई म्हणते, गेलेल्या लेकराची कापडं घरात ठेवू नयेत, नदीत सोडा. सविताला ईचार, सोडलं का.

पोरीला एकटी ठेवू नका. जिवाला जपा.
तुझी अक्का


॥ श्री ॥

सणसवाडी
२७ जानेवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बोका हाकल म्हणालीस. एक असता तर हाकलला असता. पिठी परत माजावर आली आहे. भाड्याच्या खोल्यांकडचे, हॉटेलांमागचे सगळे बोके गिरणीच्या पत्र्यावर येऊन बसतात. गहू घेऊन आलेला एक उत्तरेकडचा कामगार म्हणाला, चाचा, आपके यहाँ तो बारात आयी है. दळणाला आलेल्या बायकाही हसल्या. आतल्या खोलीत हर्षदा होती. तिनं खिडकी लावून घेतली.

मी शिरूरला गेलो. तिथं कुत्र्यामांजरांची एक डॉक्टरीण आहे, हर्षदाच्याच वयाची. मी तिला आधी पापाचं विचारलं. ती हसली नाही. म्हणाली, काका, हिची पिल्लं दर खेपेला मरतात, दर खेपेला ही वाळते, तुमच्या दारासमोर हायवे आहे. यातलं पाप कुठलं ते तुम्ही ठरवा, मी टाके घालते. गाभण राहायच्या आत आणा, एवढंच बजावलं.

घरी येऊन हे सविताला सांगत होतो. हर्षदा दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तिला विचारलंत का? अक्का, इतक्या दिवसांतलं तिचं हे पहिलं पुरं वाक्य. मी म्हणालो, बाळा, मांजरीला कसं विचारणार? ती म्हणाली, मांजरीचं सोडा, माणसाला तरी कोण विचारतं? आणि आत गेली. मी देवापुढं बसलो. उदबत्ती संपली, मागणं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन गिरणीत आली, पिठीला खांद्यावर घेऊन. म्हणाली, आप्पा, ही परत तशी ओरडत फिरलेली मला सोसणार नाही. करा ऑपरेशन, मी धरते. पण ही मेली, तर मला परत आणायला कोणाला पाठवू नका. कुठून परत, ते ती बोलली नाही. मला कळलं. हातातलं माप तसंच राहिलं आणि पीठ पोत्याबाहेर सांडत राहिलं.

आता माघार नाही. करायचं ठरवलं तरी भीती आणि न करावं तरी भीती. पाडव्याचं मी तिला सांगितलेलं नाही. झबल्याचं सविताला विचारलं. नदीत सोडलं म्हणाली, पण माझ्याकडं न बघता म्हणाली.

तुझी नाराजी असली तरी आशीर्वाद पाठव.
तुझा,
माऊली


कुरकुंभ
१ फेब्रुवारी २०२५

चि. माऊली यास,
अ. उ. आ.

पोरीचं ते वाक्य वाचलं आन् मी दोन दिवस भामाबाईशी बोलले न्हाई. तिला कळलं पण न्हाई, बहिरी म्हणून सोडून दिलं आसंल.

कर बाबा. मनाला अजून कसंतरीच वाटतंय, पर पुलापरीस मांजरीचं पाप बरं. काशीला जावं लागलं तर मी पण येईन, तेवढीच गंगा घडंल.

आता नीट वाच. कापलेल्या बाईला बाळंतिणीवाणी बघावं लागतं, मग ती बाई चार पायांची का आसंना. उबेला ठेव. वारं लागू देऊ नको. उड्या मारू देऊ नको. शिक्रापूरला जाणाऱ्या टेम्पोवाल्याकडं डबा दिलाय. वर डिंकाचे लाडू हायत, ते हर्षदाला, मांजरीला नव्हं. तळाशी विश्वजीतच्या कंपनीतल्या गोळ्यांची पट्टी हाय, ताप आन् दुखण्याची. आमच्या आळीत तान्ह्या लेकरापासनं म्हातारीपत्तूर सगळ्यांना तीच लागू पडती. मांजर कण्हायला लागली तर पाव गोळी चुरून साखरपाण्यात दे, लहान लेकराला देतो तशी. जनावरांच्या डॉक्टरांचं औषध म्हंजी नुसतं रंगाचं पाणी. ही आपल्या घरची गोळी हाय, हिला भ्यायचं कारण न्हाई.

झालं की लगेच कळव. माझा जीव टांगणीला हाय.
तुझी अक्का


॥ श्री ॥

सणसवाडी
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काल ऑपरेशन झालं. पिठी जिवंत आहे.

काल एकादशी होती. मला उपास, आणि डॉक्टरणीच्या सांगण्यावरून पिठीलाही आदल्या संध्याकाळपासून उपास. भाजीचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधले, आत पोतं घातलं आणि तिला नेलं. सबंध वाटेवर हर्षदा क्रेटच्या भोकातून बोट आत घालून बसली होती. तासाभरानं पिठीला बाहेर आणलं. पोटावरचे केस काढलेले, मधोमध टाके, जीभ थोडी बाहेर आलेली. मला वाटलं संपलं. डॉक्टरीण म्हणाली, भुलीत आहे. हर्षदा तिच्या नाकापुढं तळहात धरून बसली, श्वास लागतोय का बघत.

घरी आल्यावर पंचाईत झाली. टाके चाटू नये म्हणून गळ्यात घालायची प्लास्टिकची झालर दिली होती. ती घालून पिठी मागं मागं चालत सुटली, भिंतींवर आपटली आणि चक्कीच्या खाली जाऊन अडकली. फोन केला, तर डॉक्टरीण म्हणाली, मऊ सुती कापडाला चार पायांसाठी चार भोकं पाडून अंगात घाला.

सविता जुनी साडी शोधायला लागली. हर्षदा उठली, तिनं सविताची ट्रंक उघडली आणि अगदी तळातून झबलं काढलं. तुझ्या हिरव्या काठाचं, नदीत सोडलेलं. सविता ते ठेवून होती आणि हर्षदाला ते ठाऊक होतं. मायलेकी इतके दिवस एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या. हर्षदानं कात्रीनं चार भोकं पाडली. पिठीच्या अंगात घातलं, पाठीवर नाड्या बांधल्या. सवितानं पदराचा बोळा तोंडात धरला होता. मी गिरणीत निघून आलो.

आज दळणाला आलेल्या बायका झबल्यातली मांजर बघून हसल्या, मग हर्षदाकडं बघून गप्प झाल्या. हर्षदानं आज पूर्ण भाकरी खाल्ली. तुझा डबा पोचला, लाडूही एक खाल्ला.

पण पिठी फार कण्हते. दुखण्याचं पातळ औषध दिलं आहे, ते तोंडात घातलं की फेस करून थुंकते. हर्षदा माझ्याकडं बघते आणि मला काही करता येत नाही. घरचं काही देऊ नका, असं डॉक्टरणीनं सांगितलं आहे, म्हणून दूधभाकरी बंद ठेवली आहे. तुझी पट्टी देव्हाऱ्यात ठेवली आहे.

तुझी माया अशीच पाठीशी राहो.
माऊली


॥ श्री ॥

शिरूर, दवाखान्याच्या ओसरीवरून
११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न.

कागद समोरच्या दुकानातून घेतला. लिहितो, कारण हाताला दुसरं काही काम नाही.

पिठी जाते आहे. सकाळी तोंड सुजलं, पंजे सुजले. लाळ गळत होती. हिरड्या गुलाबी असतात त्या मातीच्या रंगाच्या झाल्या. धाप थांबत नाही. चुकीचं औषध पोटात गेलं. माझ्या हातानं गेलं, आणखी कोणाचा दोष नाही.

यावर उतारा आहे, माणसांनाच देतात तो. पण इथल्या दुकानांतला संपलेला आहे, मी सगळी दुकानं पालथी घातली. मी परत आलो तेव्हा हर्षदानं माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि विश्वजीतला लावला. दिवाळीनंतर पहिल्यांदा. कोणती गोळी दिली गेली ते सांगितलं, उताऱ्याचं नाव सांगितलं, दौंडच्या मोठ्या दवाखान्यात असेल, आणाल का, असं विचारलं. तिकडून काय उत्तर आलं कळलं नाही. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. माझ्याकडं बघितलं नाही. सकाळपासून बघितलेलं नाही.

तो निघाला की नाही, ठाऊक नाही. आला तरी चौफुल्यावरून न्हावरे, न्हावऱ्यावरून शिरूर, आणि वाटेत उसाच्या गाड्या. डॉक्टरीण म्हणते, वेळ थोडा आहे. सविता दाराशी बसली आहे, हर्षदा कुठं उठून जाऊ नये म्हणून.

मी आजवर देवाकडं पाऊसपाणी मागितलं. हर्षदाचं बाळ मागितलं. आज मांजर मागतो आहे. लाज वाटत नाही. एवढी एकच दे म्हणतो, पुढं काही मागणार नाही.

समोर पोस्टाची पेटी आहे, तिच्यात टाकतो. तुला मिळेल तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल.

माऊली


कुरकुंभ
१४ फेब्रुवारी २०२५

चि. माऊली यास,
अ. उ. आ.

तू लपवलंस. तुझ्या पत्रात गोळीचं नाव न्हाई. आरं, ते मला तुझ्या पत्राच्या आधीच कळलं व्हतं.

त्या दिवशी विश्वजीत ड्यूटीला निघालेला. फोन आला, गाडी तशीच चालू ठेवून घरात घुसला, फळीवरची पट्टी काढून माझ्या डोळ्यांपुढं धरली आन् ओठ मोठे करून ईचारलं, काकी, ही धाडली व्हती का? मी आपली कौतुकानं व्हय म्हणाले. मला वाटलं, गुण आला. तवा त्यानं स्वतःच्या तळहातावर बोटानं लिहून दाखवलं. मांजरीला इख. दोनदा लिहिलं. आन् कंपनीच्या बुटानिशी तसाच गेला.

माऊली, मी आयुष्यात मुंगीला पाय लावला न्हाई. त्या पोरीजवळ एकच जीव उरला व्हता, त्याला मी डब्यात घालून इख धाडलं, लाडवांच्या खाली. देवापुढं जाववत न्हाई.

विश्वजीत अजून परत आला न्हाई. काल शेजारच्यांच्या मोबाइलवर भामाबाईला त्याचा फोन आला. मी पळत गेले, गुडघ्यांनी पळता येतं ते काल कळलं. तर ती माझ्याकडं पाठ करून बोलत व्हती. फोन झाल्यावर मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आन् माझ्याकडं वळवलं. ईचारलं, मांजर हाय का गेली? ती म्हणाली, मांजरीपायी पोरगं कामाला मुकलं. मी परत ईचारलं, तर हात झटकून चुलीकडं गेली.

तवा माझ्या तोंडाला आलं ते मी बोलले. म्हणाले, पोरीला पाडव्याला कुणी आणायचं न्हाई. डॉक्टरीण व्हय म्हणाली आन् पोर स्वतः व्हय म्हणाली, तरच. मी मायेनं दिलं तरी ते इख झालं, कारण मी कुणाला ईचारलं न्हाई. तुला पण नातवाची माया हाय, मला दिसती. तीच मायेची गोळी तू माझ्या भाचीला चारू नको. मला चुलीपासनं येगळी करायची तर कर, माझी भाकरी मी थापीन.

ती लई बोलली. ऐकू येत न्हाई ते बरं झालं, डोळं मिटून बसले.

मांजर हाय का गेली? कार्डावर एकच शब्द लिही. जी काय शिक्षा आसंल ती मला लागू दे, पोरीला नको.

तुझी अक्का


॥ श्री ॥

सणसवाडी
१७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आहे.

आता बाकीचं. विश्वजीत आला तेव्हा उन्हं कलली होती. पायात कंपनीचे बूट, गळ्यात मास्क, अंगभर धूळ. औषधाची पिशवी त्यानं पोटाशी शर्टाच्या आत धरून आणली होती. हर्षदानं ती त्याच्या हातून घेतली, डॉक्टरणीला दिली आणि मग त्याच्याकडं वळून म्हणाली, पाणी प्या. एवढंच. पण म्हणाली.

पिठीला ते औषध पाजायला दोन माणसं लागली. हर्षदानं डोकं धरलं, विश्वजीतनं पाय. पाय धरताना त्याला झबलं दिसलं. हिरवा काठ त्यानं ओळखला असणार, कारण औषध पोटात गेल्याबरोबर तो दवाखान्यामागं जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागं गेलो नाही.

तिथून पुढं पिठी कधी आहे, कधी नाही. डॉक्टरणीनं तिला ठेवून घेतलं. हर्षदा हलायला तयार नाही, म्हणून डॉक्टरणीनं तिला तिथंच चटई दिली. ओसरीवर सविता, विश्वजीत आणि मी. माझ्या मनात सारखा पूल येत होता.

तिसऱ्या दिवशी हिरड्यांवर जरा लाली आली आणि पिठी डॉक्टरणीला चावली. मी डॉक्टरणीची माफी मागितली, तर तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, काका, चावू द्या.

घरी आणल्यावर मी हर्षदासमोर बसलो. गोळी तुझी होती हे तिला माहीत होतं, पण दिली मी. डॉक्टरणीनं घरचं काही देऊ नका म्हणून सांगितलं होतं आणि मी दूधभाकरी बंद करून गोळी दिली. मला वाटलं, गोळी कंपनीची आहे, घरची कुठं? तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, आप्पा, एक फोन करून विचारायचं होतं. रागानं म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. तू त्यासाठी जन्मभर देवापुढं जाणार नाहीस असं करू नको. मी जाऊन बसतो, माझ्याबरोबर तुझंही सांगतो.

विश्वजीत गिरणीतल्या पोत्यांवर झोपायचा. परवा दुपारी तो आणि हर्षदा मागच्या पायरीवर बसले होते, मध्ये पिठी. हर्षदानं त्याला विचारलं, तुम्ही बघितलं होतं ना? कसं होतं? अक्का, तिला बाळ दाखवलंच नव्हतं. आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, तिला सोसणार नाही म्हणून. विश्वजीतनं एकट्यानं नेऊन पुरलं. ते तो कोणाला बोलला नव्हता आणि ती कोणाला विचारू शकली नव्हती. तो सांगायला लागला, केस कसे होते इथपासून. मी उठलो आणि गिरणी चालू केली. दळण नव्हतं. नुसती चालू ठेवली, मला ऐकू येऊ नये म्हणून, आणि त्यांना मोकळेपणी रडता यावं म्हणून.

काल तो ड्यूटीवर गेला. तू भामाबाईंना जे बोललीस ते मी हर्षदाला वाचून दाखवलं. ती पत्र माझ्या हातातून घेऊन गेली.

अजून बरं झालं असं लिहिण्याचं धाडस होत नाही. ती अजून मध्येच गप्प होते आणि मी चक्की थांबवून तिला बघून येतो. पिठी अजून लंगडल्यासारखी चालते. पण आहे.

तू थापलेल्या भाकरीत माझा वाटा राहू दे.
माऊली


सणसवाडी
२६ फेब्रुवारी २०२५

ती. गं. भा. आत्यास,
सा. न. वि. वि.

आप्पा आज शिवरात्रीचे देवळात गेले आहेत म्हणून मी लिहिते. माझं अक्षर बिघडलं आहे, सांभाळून घे.

काल पिठीचे टाके काढले. जखम नीट भरली आहे, पोटावर मऊ लव आली आहे. बोके अजून पत्र्यावर येतात, बसतात आणि कंटाळून जातात. पिठी त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही, पिठाच्या कट्ट्यावर पाय पसरून झोपते. ती घरभर फिरून काही शोधत नाही. मी अजून शोधते. पण आता काय शोधते ते मला माहीत आहे. त्याचे केस कुरळे होते, यांनी सांगितलं. आपल्याकडं कुरळे केस तुझेच ना?

तुझ्या गोळीबद्दल मी तुझ्यावर रागावले होते. दोन दिवस खूप. मग तुझं पत्र वाचलं. माझ्यासाठी भांडलेलं माणूस मी पहिल्यांदाच वाचलं, आणि तेही ज्याला समोरच्याचं ऐकू येत नाही असं. आता राग नाही. लाडू संपले आहेत. परत पाठव, पण डब्याच्या तळाशी काही ठेवू नकोस.

मी पाडव्याला येणार नाही. यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, दर सुट्टीला मीच येतो. सासूबाईंना काय सांगायचं ते तेच सांगतील. कधी रात्र फार मोठी वाटली तर आईला हाक मारायची, असं मी आईला कबूल केलं आहे. दोनदा मारली.

झबलं धुऊन वाळवलं आहे. आई म्हणत होती, आता तरी नदीत सोडू. मी नको म्हणाले. त्याला चार भोकं पडली आहेत आणि एका जागी औषधाचा डाग आहे, तो निघत नाही. तुझ्याकडं त्या लुगड्याचा तुकडा उरला असेल तर जपून ठेव. ती भोकं बुजवायची की नाही, आणि बुजवायची तर केव्हा, ते मी सांगेन. तोवर कोणी सुई हातात घेऊ नका.

गुडघ्यांना तेल लाव. मला लिहीत राहा.
तुझी,
हर्षदा